मोटारीचं दावं

जुनी मोटार विकत घ्यायची आहे असं इंदूने सांगितलं, तेव्हा दादाराव मामांनी ओठांपर्यंत नेलेली चहाची बशी खाली ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला, "दात किती हायेत तिले?"

"मामाजी, मोटार हाये ते. बैल नाही."

"तेच तं विचारून राहिलो. वय किती?"

"अठ्ठावीस वर्षं."

मामांनी बशी पुन्हा उचलून एक लांब फुरका मारला. "म्हातारी हाये. पण म्हातारं जनावर वाईट नसते. रस्त्यानं समजूतदार चालते."

पांढुर्ण्याच्या बैलबाजारात दादाराव मामा तीस वर्षं दलाली करत होते. पाठीवर थाप मारून ते बैलाचा स्वभाव सांगत, शेपटी उचलून त्याचा इतिहास सांगत, आणि मालकाच्या तोंडाकडे बघून त्याने काय लपवलं आहे तेही सांगत. मोटारीत मात्र ते आयुष्यात दोनदाच बसले होते आणि दोन्ही वेळा त्यांना मळमळलं होतं. पण इंदूच्या आईने, सुशीलाबाईने, पोरीच्या हातावर पैसे ठेवताना एकच अट घातली होती. भावाने पाहिल्याशिवाय सौदा करायचा नाही. त्याने तीस वर्षांत नात्यातल्या कुणाच्या गोठ्यात बसका बैल येऊ दिला नव्हता. बसका म्हणजे अर्ध्या वाटेत मुकाट खाली बसणारा आणि मग कुणाचंच न ऐकणारा.

मोटार ही काही इंदूची हौस नव्हती. सत्त्याऐंशी सालचा हिवाळा होता. इंदू, मंगला आणि श्रावण असे तिघंजण पांढुर्ण्याहून सौंसरला शिक्षकाच्या ट्रेनिंगला जात. दिवाळीनंतर सकाळच्या बसची वेळ एका तासाने पुढे गेली आणि ती सौंसरला पोचेपर्यंत तिकडे साडेसातची प्रार्थना संपून हजेरी बंद झालेली असे. दीड महिना तिघांच्याही नावापुढे रोज पहिल्या तासाचा खाडा पडला. शेवटी मोठ्या सरांनी रजिस्टर उघडून बोट ठेवलं. आता राहिलेल्या वीस दिवसांत एकही खाडा पडला, तर परीक्षेचा फॉर्म जाणार नाही. सौंसरला खोली घेऊन राहायचं, तर मंगलाच्या घरी वर्षाचं मूल आणि सासू. श्रावणच्या घरी शेत. आणि इंदूला एकटीला कोण राहू देणार? तिच्या घरात आजवर कुणी शाळेत शिकवायला गेलं नव्हतं. ती जाणार होती. बसची वेळ बदलली म्हणून घरी बसायची तिची तयारी नव्हती.

तिघांनी आपलं साठवलेलं विद्यावेतन एकत्र केलं, त्यात सुशीलाबाईची भर पडली आणि सहा हजार जमले. तेवढ्या पैशांत सौंसरमध्ये एकच मोटार मिळण्यासारखी होती. संत्र्याचे बागाईतदार रघुनाथराव यांची काळी, पाठीला गोल, जाडजूड गाडी. मुलांनी जीप घेतली होती, त्यामुळे ती गोठ्याच्या शेजारी टिनाखाली उभी असे. श्रावणला ट्रॅक्टर चालवता येत होता आणि त्याच्याकडे लायसन होतं, त्यामुळे चालवणाराही घरचाच.

रविवारी दुपारी मामा गाडी बघायला आले ते बाजाराच्या पूर्ण पोशाखात. धोतर, टोपी, खांद्यावर शेला. ते आधी गाडीच्या मागे जाऊन बराच वेळ नुसते उभे राहिले. मग हळूच पुढे येऊन त्यांनी बॉनेटवर अचानक थाप मारली.

"दचकत नाई," ते समाधानाने म्हणाले.

बॉनेट उघडायला लावून त्यांनी आत डोकं घातलं, वास घेतला, पंख्याची पाती एकेक करून मोजली. मग त्यांनी बागेतल्या संत्री तोडणाऱ्या नऊ जणांना गाडीत कोंबलं आणि श्रावणला ती नांगरलेल्या वावरातून फिरवून आणायला सांगितली. गाडी ढेकळांतून डुलत गेली आणि डुलत परत आली. कुठे अडली नाही. मामांनी तिच्या पोटाशी कान लावला.

रघुनाथराव हे कमी बोलणारे, भले गृहस्थ. ते इतका वेळ हात मागे बांधून उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "दादारावजी, तिचं असं हाये का, सकायच्या टायमाले थंडीत—"

मामांनी हात वर केला. "मालक, तुम्ही नका सांगू. मालक सांगते ते विकाले सांगते. जनावराले सांगू द्या."

थोड्या वेळाने मामा टायरांवर टाचा आपटून बघत होते तेव्हा रघुनाथरावांनी पुन्हा सुरुवात केली, "पण ते सीटच्या खाली—"

"मालक."

तिसऱ्यांदा रघुनाथरावांनी नुसतं तोंड उघडलं आणि मामांच्या नजरेकडे बघून मिटलं. खरं सांगायचं तर इंदूला त्या क्षणी मामांचा फार अभिमान वाटला. एवढा मोठा बागाईतदार, आणि मामांसमोर शाळेतल्या पोरासारखा उभा.

मग मामांनी खांद्यावरचा शेला काढून बॉनेटवर पसरला आणि त्याच्याखाली हात घातला. रघुनाथराव जन्मभर बैल घेत-विकत आले होते. त्यांनीही आपला हात शेल्याखाली सरकवला. बोटांना बोटं लागली आणि बैलबाजाराच्या रीतीने, बोटांच्या खुणांनी, भाव सुरू झाला. कापडाखाली काहीतरी वळवळत होतं आणि वर दोघंही संत्र्याच्या झाडांकडे बघत होते. तिघं विद्यार्थी त्या कापडाकडे टक लावून होते, कारण आपली मोटार कितीला चालली आहे हे त्यांना कळायचा काही मार्गच नव्हता. शेवटी मामांनी शेला झटकला आणि श्रावणच्या कानात आकडा सांगितला. साडेपाच हजार. श्रावणने पहिल्यांदा पापणी लववली.

"पण आठ दिवसांची बोली," मामा मोठ्याने म्हणाले, सगळ्यांनी ऐकावं म्हणून. "आता इसार, बाकीचे आठव्या दिवशी. बसली, अडली, मारली, तं वापस. मधात आम्ही तुमच्या दारात येणार नाई, तुम्ही आमच्या येऊ नका. कायचीही बोलाचाली नाई."

"मोटार मारते कशी?" मंगलाने इंदूला हळूच विचारलं.

"झाडाले ठोकली तं कोण मारलं म्हणशीन?" मामांना ऐकू गेलं होतं.

तेवढ्यात रघुनाथरावांच्या पत्नी मनकर्णाबाई ताट घेऊन आल्या. जनावर घरातून जाताना करतात ते सगळं त्यांनी केलं. बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकांवर पाणी घातलं, आणि भाकरीचा तुकडा कुठे ठेवावा हे न कळून तो वायपरखाली खोचला. मग त्यांनी मामांकडे बघून विचारलं, "आन् दावं?"

मामा सौद्याने फुलले होते. छातीवर हात ठेवून ते म्हणाले, "दावं तुमचंच, वहिनी. दाव्यासकट जनावर नेणारे आम्ही नाई. घराची लक्ष्मी घरीच राहाले पाह्यजे."

सगळे हसले. त्या भागात जनावर विकलं तरी त्याचं दावं विकत नाहीत. ते गोठ्यातच खुंटीला राहतं, नाहीतर घराची बरकत जाते. पण मोटारीला कुठलं आलं दावं? फक्त मनकर्णाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांना चहाला आत पाठवलं आणि आपण गाडीपाशी मागे राहिल्या. चहा आणि संत्री होऊन मंडळी बाहेर आली, तेव्हा त्या पदर नीट करून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे ओले होते. काळी मोटार एका झटक्यात सुरू झाली आणि ऐटीत पांढुर्ण्याला आली.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला श्रावणने बटण दाबलं. गाडीने म्हाताऱ्या माणसासारखा घसा खाकरला आणि ती गप्प झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा खाकरली. तिसऱ्यांदा तेवढंही केलं नाही.

श्रावण खाली उतरून पुढे गेला. नंबरप्लेटच्या वर एक गोल भोक होतं. त्यात बोट घालून तो म्हणाला, "इथी हँडल लागते, इंदूताई. ट्रॅक्टरले असते तसं. हँडल मारलं का चालू होते."

"मंग मार ना."

"हाये कुठी?"

सीटखाली पाहिलं, डिकीत पाहिलं. नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या मिस्त्रीला उठवून आणलं. त्याने ट्रॅक्टरचं हँडल लावून पाहिलं, ते बसेना. असल्या गाडीचं हँडल आता नागपूरला घडवून घ्यावं लागेल, महिना लागेल, असं सांगून तो झोपायला गेला. घड्याळात सहाला पाच कमी होते. मंगलाने पदर खोचला, इंदूने चपला काढून खिडकीतून आत टाकल्या, आणि दोघींनी गाडीच्या गोल पाठीला हात लावले.

सपाट रस्त्यावर दोघींना ती इंचभरही हलवेना. तेव्हा डोक्यावर मेथीची टोपली घेऊन बसस्टँडकडे निघालेल्या अंबाबाई थांबल्या. अंबाबाई साठीच्या होत्या आणि सौंसरच्या बाजारात भाजी विकायला जात. त्यांच्यामागून मनोहर आला, तो सौंसरला कापडाच्या दुकानात कामाला होता. चौघांनी मिळून रेटलं तेव्हा गाडी दहा पावलं गेली, मोठा ठसका देऊन सुरू झाली आणि चौघांच्या तोंडावर काळा धूर सोडून उभी राहिली.

इंदूने दोघांना गाडीतच चला म्हणून सांगितलं. मनोहर तात्काळ बसला. अंबाबाईंनी मात्र आधी खुलासा मागितला. "पैसे?"

"पैसे कायचे, काकू? बसा."

"फुकट मी कोणाच्या बैलगाडीतही बसली नाई, पोरी." त्यांनी जरा विचार केला. "धक्का देल्ला, त्याच्यात बसते. हिशोब बरोबर हाये."

सात वाजून एकतीस मिनिटांनी गाडी सौंसरला ट्रेनिंगच्या फाटकात शिरली. प्रार्थनेला उभ्या असलेल्या मोठ्या सरांनी डोळे उघडले, तोंडाला काजळी लागलेल्या दोन शिक्षिका आणि एक शिक्षक रांगेत उभे राहताना पाहिले, आणि पुन्हा मिटले. तिघांची हजेरी लागली.

दुपारी उन्हाने गाडी तापलेली असे, तेव्हा ती बटणावर लगेच सुरू होई. एकदा सुरू झाली की चालायलाही सरळ. रस्त्यात कधी अडली नाही, तापली नाही, चढावर दमली नाही. दुखणं फक्त सकाळचं होतं. रघुनाथरावांकडे जाऊन हँडलचं विचारावं, असं इंदूने त्याच संध्याकाळी सुचवलं. मामांनी तिच्याकडे, भर बाजारात कुणी शेला ओढावा, तसं बघितलं.

"बोलीच्या मधात मालकाच्या दारात गेलं का सौदा मोडते. इसार बुडते. आन् तो काय म्हणन? हँडल होतंच नाई म्हणन. आपण पायलं होतं का घेताना?"

मामांनी पंख्याची पाती मोजली होती, पण सीटखाली कुणीच पाहिलं नव्हतं.

"आठ दिवस पाय," मामा जरा नरमाईने म्हणाले. "सकाळी उठत नाई ते जनावर बसकं. वापस करू, इसार घेऊ. नियमच हाये."

नियम इंदूलाही समजत होता. पण गाडी परत केली की नवव्या दिवसापासून पुन्हा तीच बस आणि तोच खाडा. आणि ठेवून घेतली, तर आईच्या पैशांतून आणलेली बसकी गाडी आयुष्यभर दारात. आठ दिवसांत या बयेने एकदा तरी आपण होऊन उठून दाखवावं, एवढंच तिचं मागणं होतं.

श्रावणने तोड काढली. जाम नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या वरच्या टोकाला गाडी रात्री उभी करायची, तोंड उताराकडे, आणि पुढच्या चाकाखाली दगड. त्या गावात आणि पलीकडच्या सावरगावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर जी दगडफेक होते ती ठाऊक असलेल्या कुणालाही दगडाची चिंता नव्हती. एकेक निवडून घ्यावा असे काठावर पडले होते. सकाळी दगड काढायचा, अंबाबाई आणि मनोहर यांनी मागून हात लावायचा, आणि गाडी उताराने घरंगळत नदीपर्यंत पोचायच्या आत सुरू व्हायची. रोज पुलाच्या अलीकडे. एका दिवशी मात्र पुलावर. त्या दिवशी मंगलाने डोळे मिटून आपल्या लेकराचं नाव घेतलं होतं.

चौथ्या दिवसापर्यंत त्या धक्क्याचा गावाला नाद लागला. दात घासायला बाहेर आलेली माणसं कडुलिंबाची काडी तोंडात धरून हात लावू लागली. पाचव्या दिवशी एक पैजही लागली, पुलाच्या आधी का नंतर. अंबाबाई मात्र परक्यांना हात लावू देत नसत. "माह्या बसाच्या जागेचा धक्का हाये," त्या म्हणत, "तुम्ही कायले देता?" आणि टोपली आत ठेवून, गाडीच्या पाठीवर थोपटून त्या म्हणत, "चाल वं माय. पोरीईची परीक्षा हाये."

असे सात दिवस निघाले. मधल्या रविवारची सुट्टी सोडून सहा हजेऱ्या लागल्या. आठव्या दिवशी निकाल होता म्हणून मामा पहाटेच शेला घेऊन हजर झाले. सकाळी गाडी कशी उठते ते बघायचं, तिच्यातच बसून सौंसरला जायचं, आणि दुपारी रघुनाथरावांकडे आपला निर्णय सांगायचा.

उतारावर जाऊन पाहतात तो गाडीच्या पुढे, नाकाला लागून, कापसाच्या बैलगाड्यांची रांग. जिनिंगचा मोठा दिवस होता. रात्रीतून तीसेक गाड्या येऊन पुलापर्यंत ओळीने लागल्या होत्या आणि गाडीवान घोंगड्या पांघरून कापसावर झोपले होते. पुढे जायला वीतभर जागा नव्हती. मागे चढ होता. अंबाबाई, मनोहर, मंगला आणि इंदू यांनी पुढून मागे रेटून पाहिलं. गाडी हलली नाही. अंबाबाई धापा टाकत दगडावर बसल्या. सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"झालं," मंगला म्हणाली. "आज खाडा."

इंदू गाडीच्या दिव्याकडे बघत राहिली, एखाद्याच्या डोळ्यांत बघावं तसं. मामांनी भाचीचं ते तोंड पाहिलं. मग त्यांनी टोपी सारखी केली आणि सगळ्यांत मागच्या बैलगाडीवर झोपलेल्या गाडीवानाची घोंगडी ओढली. तो त्यांच्या ओळखीचा भैय्याजी निघाला. त्याची पांढरी जोडी मामांनीच दोन वर्षांपूर्वी त्याला घेऊन दिली होती.

"भैय्याजी, ऊठ. तुह्ये बैल पाह्यजेत."

"कायले?"

"मोटार जुंपाची हाये."

भैय्याजी उठून बसला आणि आपण अजून झोपेतच आहोत असं समजून पुन्हा आडवा झाला. पण मामांनी तोवर बैल सोडून आणले होते. दोन्ही बैलांची दावी एकात एक गुंतवून त्यांनी जुवाला बांधली आणि दुसरं टोक गाडीच्या मागच्या बंपरला. जोडीने मान खाली घातली आणि ती काळी गाडी, खेळण्यासारखी, मागच्या पायांनी चढ चढून सपाटीवर आली. मग तिचं तोंड मोकळ्या रस्त्याकडे वळवून मामांनी तिला पुढून जुंपलं. जमलेल्या लोकांतून कुणीतरी म्हणालं, की आज एवढ्या वर्षांनी ही मोटार जनावराच्या वळणावर आली.

"श्रावण, आत बस. मी हाकतो. हो... हो..."

बैल निघाले, गाडी निघाली. वीस पावलांवर श्रावणने क्लच सोडला. आठ दिवसांचा सगळा ठसका एकदम बाहेर पडावा तसा बंदुकीसारखा बार झाला आणि इंजिन जिवंत झालं. बैलांनी जन्मात असं काही मागून ऐकलं नव्हतं. शेपट्या वर करून ते उधळले. काही क्षण पुढे बैल, मागे मोटार, त्यामागे मामा आणि त्यामागे घोंगडी पांघरलेला भैय्याजी, अशी वरात पांढुर्ण्याच्या रस्त्याने पळाली. मग जुवाजवळ दावं तुटलं. बैल शेजारच्या हरभऱ्यात शिरले आणि तिथला हरभरा बरा दिसला म्हणून थांबले. गाडी घरघरत उभी राहिली. बंपरला बांधलेलं दावं सोडायला कुणाला वेळ होता? सगळे आत कोंबले गेले, मामा सगळ्यांत वर. शेवटची घंटा वाजता वाजता तिघंजण रांगेत उभे राहिले, आणि मोठ्या सरांनी त्या दिवशी डोळे मिटलेच नाहीत. ते गाडीच्या पुढे लोंबणाऱ्या दाव्याकडे बघत होते.

दुपारी रघुनाथरावांच्या अंगणात गाडी उभी राहिली. येताना इंदूने मामांना एकदा सांगितलं होतं, "मामाजी, रस्त्यात एकदाबी बसली नाही हो ते." मामांनी मान हलवली होती, पण ती होकाराची होती का नकाराची, ते कळलं नव्हतं.

"मालक," मामा म्हणाले, "जनावर चालाले सोनं हाये. पण सकाळी उठत नाई. आज बैल जुंपून उठवलं. बोली झाली तशी..." आणि इथे त्यांचा आवाज जरा अडखळला, "...वापस करा लागते."

रघुनाथरावांनी आठ दिवस तोंड मिटून ठेवलं होतं. आता मात्र त्यांना राहवेना. "दादारावजी, तेच तं मी तीनदा सांगून राहिलो होतो. सकाळी तिले हँडल लागते. अर्धा फेरा मारला का उठते. सीटखालीच तं असते हँडल."

"सीटखाली काहीच नव्हतं, काकाजी," श्रावण म्हणाला.

"नव्हतं कसं? तुम्ही आले त्या सकाळी मी सोता ठेवलं."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि दोन्हीकडची माणसं तर खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. तेवढ्यात मनकर्णाबाई गोठ्याकडे गेल्या आणि वळून त्यांनी इंदूला हाताने बोलावलं.

गोठ्याच्या भिंतीला खुंट्यांची ओळ होती आणि प्रत्येक खुंटीला एकेक दावं. मनकर्णाबाई एकेकाला बोट लावत गेल्या. हे हौश्याचं, हे सर्ज्याचं, हे कपिलेचं, तिने अकरा वर्षं दूध दिलं. शेवटच्या खुंटीला, हळदकुंकू लावलेलं, तेलाने पुसून चकचकीत केलेलं लोखंडी हँडल टांगलेलं होतं.

"हे काळीचं," त्या म्हणाल्या. "तुह्या मामानंच म्हटलं ना, दावं तुमचं म्हणून? मले दुसरं काही दिसलं नाई. हेच तिच्या नाकात घालून हे रोज सकाळी तिले उठवत."

मागून आलेले मामा दारातच थांबले. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. तीस वर्षांत मालकाला गप्प बसवून त्यांनी कितीतरी सौदे केले होते; आज पहिल्यांदा त्यांना आपण जरा ऐकून घ्यायला हवं होतं असं वाटलं. रघुनाथराव हसू दाबत बायकोला म्हणाले, की आता ते पोरांना देऊन टाक.

पण मनकर्णाबाईंनी खुंटीवर हात ठेवला. "कुंकू लावलेलं दावं खुंटीवरून काढून देऊ? मागं एकदा तुम्ही देल्लं, तं म्हैस आटली."

आणि गंमत म्हणजे मामांनीही मान हलवली. "वहिनीचं बरोबर हाये. लावलेलं दावं मी नेऊ शकत नाई. बाजारात तोंड दाखवता येणार नाई मले."

असा पेच पडला. हँडल समोर लटकत होतं, गाडी बाहेर उभी होती, आणि मधे दोन माणसं होती, दोघंही नियमाने वागणारी. श्रावणने कपाळाला हात लावला. इंदू मात्र दाराबाहेर बघत होती. गाडीच्या पुढच्या बंपरला सकाळपासून ते बांधलेलंच होतं. दहा-बारा कोस धूळ खाऊन मळलेलं, टोकाला तुटलेलं.

"काकू," ती म्हणाली, "मोटारीचं खरं दावं तं ते हाये. आज सकाळीच लागलं तिले. त्यानंच उठली."

मनकर्णाबाई बाहेर आल्या. त्यांनी दावं हातात घेऊन पाहिलं, पीळ तपासला, वास घेतला. बैलाच्या अंगाचा वास होता. त्यांचं तोंड उजळलं. त्यांनी ते स्वतः सोडलं, गुंडाळलं, कपाळाला लावलं आणि शेवटच्या खुंटीवर टांगलं. मग हँडल पदराने पुसून त्यांनी इंदूच्या ओटीत घातलं.

"मामाजी, निकाल?" मंगलाने विचारलं.

मामा बाकीचे पैसे मोजून द्यायला बसले होते. "बसकी नाई," ते मान वर न करता म्हणाले. "मालक बोलत असन तेव्हा ऐका लागते. हे पुढच्या वेळेले ध्यानात ठेवजा." जणू काही ती चूक दुसऱ्याच कुणाची होती. त्या संध्याकाळी त्यांनी भैय्याजीला नवीन दावं नेऊन दिलं, आणि जुनं सौंसरला चांगल्या घरी गेलं आहे, काळजी करू नको, असं सांगितलं.

नवव्या दिवशी पहाटे इंदूने स्वतः हँडल घातलं. अर्धा फेरा. गाडी मांजरासारखी घुरघुरायला लागली. इंदूला उड्या माराव्याशा वाटल्या. तेवढ्यात टोपली घेऊन अंबाबाई आल्या आणि चालू गाडी बघून जागीच थांबल्या.

"उठली का आपल्या आपण?" त्या म्हणाल्या. "बरं झालं, माय." त्यांनी गाडीच्या पाठीवरून हात फिरवला, टोपली पुन्हा डोक्यावर नीट बसवली आणि बसस्टँडकडे वळल्या.

"काकू, बसा ना."

"कायच्यात बसू? आज धक्का नाई."

इंदूने श्रावणकडे बघितलं. मग खिडकीतून हात घालून तिने चावी फिरवली. गाडी बंद झाली. हँडल तिने सीटखाली सारलं आणि हात झटकले.

"बंद पडली पाहा पुन्हा," ती म्हणाली. "थंडी लय हाये आज."

अंबाबाईंनी टोपली खाली ठेवली आणि पदर खोचला. "मले वाटलंच. तुमच्याच्यानं होत नाई ते. हटा तिकडे."

गाडी पुलाच्या बऱ्याच आधी सुरू झाली. अंबाबाई ऐटीत मागच्या सीटवर टेकून बसल्या. सौंसरचा अर्धा रस्ता गेल्यावर त्यांनी वाकून कान दिला.

"खाली काय खडखडून राहिलं वं?"

"जुनी गाडी हाये, काकू," इंदू म्हणाली.